भगदाडाचे कौतुक

सज्जन मनुष्यास दुर्जनाची कथा का आवडते, हा प्रश्न फार जुना आहे आणि त्याची उत्तरेही बहुतेक जुनीच आहेत. परंतु ती कथा एकदा ऐकून वा पाहून समाधान न मानता जो गृहस्थ ती पदरचे पैसे खर्चून विकत घेतो, कपाटात क्रमाने लावतो, तिच्यावरील धूळ पुसतो आणि तिची अधिक चांगली प्रत कोठे निघाली असे कळताच तीही मागवितो, त्याच्या आवडीविषयी काय म्हणावे? हा प्रश्न मात्र बराचसा नवा आहे. आमच्यापुढे तो जपानी गुंडांच्या बोलपटांच्या निमित्ताने उभा राहिला. कल्याणच्या पलीकडे, लोहमार्गावर एकापुढे एक लागणाऱ्या उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या तीन शहरांच्या परिसरात आमची अध्यापनाची बहुतेक वर्षे गेली आहेत. हिरोशिमाच्या टोळीवाल्यांशी या प्रदेशाचा काही संबंध असेल, असे वाचकांस वाटणार नाही. आम्हांसही वाटले नव्हते. परंतु विचार करू लागल्यावर तो संबंध दिसू लागला, आणि तो सर्वस्वी सुखावह नाही.

प्रथम जुन्या प्रश्नाकडे वळू. देवलांनी मराठीत आणलेले 'मृच्छकटिक' आमच्या आजोबांच्या पिढीने डोक्यावर घेतले. त्यातला शर्विलक हा जातीने ब्राह्मण, विद्येने पंडित आणि धंद्याने, निदान त्या एका रात्रीपुरता, चोर. चारुदत्ताची भिंत फोडण्यापूर्वी तो भगदाडाच्या आकारांचा शास्त्रोक्त विचार करतो. कमळासारखे पाडावे की पूर्ण कुंभासारखे, याचा खल करतो. मोजावयास दोरी नाही असे ध्यानात येताच गळ्यातले जानवे काढून त्याने माप घेतो. प्रेक्षकांत बसलेल्या सोवळ्या मंडळींस या प्रसंगी राग येत नाही. हसू येते आणि कौतुकही वाटते. पण शूद्रकाची खरी थोरवी आम्हांस पुढच्या भागात दिसते. सकाळी चारुदत्त जागा होतो, आपल्याच घराचे भगदाड पाहतो, आणि ज्याची चोरी झाली तोच त्या भगदाडाच्या सौंदर्याची वाखाणणी करू लागतो. इतकेच नव्हे, आपल्या दरिद्री घरातून चोर रिकाम्या हाताने परतला नाही, याचाही त्याला संतोष होतो. मग त्यास कळते की गेलेले दागिने आपले नव्हते. ती वसंतसेनेने विश्वासाने ठेवलेली ठेव होती. हे कळताच तो मूर्च्छित होतो.

गुन्ह्याच्या कलेविषयी पाश्चात्त्यांनी पुष्कळ लिहिले आहे. डी क्विन्सी याने १८२७ मध्ये खुनाची गणना ललितकलांत करून एक लांबलचक थट्टा लिहिली, व ती आमच्या पिढीच्या इंग्रजी पदवीधरांनी मोठ्या चवीने वाचली. पण चारुदत्ताच्या या चार क्षणांत जे आहे, ते त्या सगळ्या थट्टेत नाही. कौतुक खरे, मूर्च्छाही खरी. आणि दोहोंच्या मध्ये एवढेच कळणे की, हानी झाली ती कोणाची.

नाट्यगृहातल्या कौतुकाची उपपत्ती नरसिंह चिंतामण केळकरांनी १९२१ च्या बडोद्याच्या साहित्यसंमेलनात अध्यक्षपदावरून मांडली होती. वाचक वा प्रेक्षक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, परंतु आपली भूमिका विसरत नाही. या दुहेरी अवस्थेस त्यांनी सविकल्प समाधी असे नाव दिले. त्यावर पुढे अनेक वाद झाले, ते येथे उकरून काढण्याचे कारण नाही. आमच्या कामापुरते हे नाव पुरे आहे. दोन घटका आपण शर्विलक होतो, आणि घरी येऊन कडी घालून, कुलूप नीट लागले की नाही ते पाहून झोपतो. यात ढोंग नाही. परंतु संग्राहकाचे तसे नाही. त्याची समाधी प्रयोगाबरोबर संपत नाही, कारण प्रयोग त्याच्या कपाटात आहे. आणि पुष्कळदा ती सुरूच होत नाही, कारण त्याचे लक्ष प्रयोगाच्या आधी वेष्टनाकडे गेलेले असते. प्रेक्षकाचा बचाव संग्राहकास जसाच्या तसा लागू पडत नाही, तो यामुळे.

आता हे जपानी बोलपट आहेत तरी काय, ते थोडे सांगितले पाहिजे. त्या देशातल्या टोळीवाल्यांस याकुझा म्हणतात. या शब्दाची सर्वमान्य व्युत्पत्ती मौजेची आहे. पत्त्यांच्या एका जुगारात आठ, नऊ आणि तीन अशी पाने आली की बेरीज वीस होते, आणि त्या खेळात एकंच धरीत असल्यामुळे डावाची किंमत शून्य ठरते. आठ म्हणजे या, नऊ म्हणजे कु आणि तीन म्हणजे झा. स्वतःस शून्य म्हणवून घेणाऱ्या या लोकांवर १९६० नंतरच्या दशकात तोएइ या चित्रसंस्थेने बोलपटांची रांगच लावली. त्यांचा साचा ठरलेला असे. नायक जुन्या चालीचा, मितभाषी, आपल्या टोळीच्या नायकास पित्यासमान मानणारा. एका बाजूस उपकाराचे ऋण, ज्यास जपानी गिरी म्हणतात. दुसऱ्या बाजूस मनुष्याच्या अंतःकरणाची ओढ, जिला ते निन्जो म्हणतात. या दोहोंच्या ओढाताणीत तो सहन करीत राहतो, आणि अखेरीस सहनशक्ती संपली की एकटा, किंवा एखाद्या सोबत्यासह, तलवार घेऊन रात्री शत्रूच्या घराकडे चालू लागतो. केन ताकाकुरा आणि कोजी त्सुरुता हे या पंथाचे प्रमुख नट. भीष्माची प्रतिज्ञा आणि कर्णाचे मिंधेपण ज्यांच्या अंगी लहानपणापासून मुरले आहे, अशा आपल्या वाचकांस या ओढाताणीचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. दुर्योधनाच्या मिठास जागून कर्ण जे करतो, तेच ताकाकुरा करतो. फरक इतकाच की कर्णास आपण गुंड म्हणत नाही.

या पंथाच्या आधीच अकिरा कुरोसावाने एक इशारा देऊन ठेवला होता, आणि तो त्याच्या मनाविरुद्ध दिला गेला होता, हे विशेष. १९४८ चा त्याचा मद्यपी देवदूताविषयीचा बोलपट गुंडगिरीचा निषेध करण्यासाठीच काढलेला होता. सांडपाण्याच्या डबक्याकाठची वस्ती, तेथला दारूबाज पण सरळ मनाचा वैद्य, आणि त्याच्याकडे येणारा क्षयग्रस्त तरुण गुंड, अशी कथा. नायक वैद्यच व्हावयाचा होता. परंतु गुंडाच्या भूमिकेस तोशिरो मिफुने नावाचा नवखा नट लाभला, आणि त्याच्या अंगच्या तेजापुढे वैद्य मागे पडला. तो जोम आवरता आला नाही, असे कुरोसावानेच पुढे आत्मचरित्रात लिहिले आहे. उपदेश करावयास बसलेल्या कलावंताच्या हातून उपदेशाचा पराभव व्हावा, हे आम्हां शिक्षकांनी नीट ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

पुढे १९७३ मध्ये किंजी फुकासाकु याने 'जिंगी नाकी तताकाई' हा बोलपट काढला. दयाधर्म व माणुसकी नसलेल्या लढाया, असा त्या नावाचा स्थूल अर्थ. पुढच्या वर्षाच्या मध्यापर्यंत त्याचे एकूण पाच भाग झाले. एका खऱ्या टोळीवाल्याने तुरुंगात लिहिलेल्या आठवणी त्याच्या मुळाशी आहेत. पडद्यावर प्रथम येतो तो अणुस्फोटाचा ढग, आणि मग युद्धात मोडून पडलेल्या कुरे या आरमारी बंदरातला काळा बाजार. येथे ना मंद पावले, ना उपकाराचे ऋण. टोळीचा नायक रडूबाई. तो हात जोडतो, अश्रू ढाळतो, आणि पोरांना एकमेकांवर घालून आपण सुखरूप राहतो. जुन्या बोलपटांत प्रायश्चित्त म्हणून बोट कापून देण्याचा विधी किती गंभीर! येथे सुगावारा या नटाने रंगविलेला तरुण ते बोट कापतो खरा, पण कापलेले बोट उडून कोठे तरी जाते, आणि मग एवढे थोरले आडदांड लोक अंगणात ओणवे होऊन ते शोधू लागतात. सापडते ते कोंबड्यांच्या खुराड्याशी. आम्ही हा प्रसंग पाहिला तेव्हा प्रथम मनमुराद हसलो. एवढ्या एका कोंबडीने दहा वर्षांच्या तलवारी म्यान केल्या, असे म्हटले तरी चालेल.

आणखी एक गोष्ट या बोलपटात आहे, ती आमच्या विषयास फार जवळची आहे. कोणी मारला गेला की चित्र जागच्या जागी थिजते आणि मेलेल्याचे नाव व मृत्यूची तारीख अक्षरांत उमटते. तो मनुष्य कथेत दोन मिनिटांपुरता आलेला असो, त्याची नोंद होते. फुकासाकुचा जन्म १९३० चा. युद्धाच्या शेवटी तो पंधरा वर्षांचा पोरगा शस्त्रांच्या कारखान्यात कामास होता. भडिमार सुरू झाला की मुले एकमेकांच्या अंगाखाली लपत, आणि नंतर वाचलेल्यांस मेलेल्यांची प्रेते उचलावी लागत, असे त्याने पुढे सांगितले. अंबरनाथलाही शस्त्रांचा मोठा कारखाना आहे, आणि तेथील कामगारांची मुले आमच्या वर्गांत बसतात. हे वाचताना त्यांची आठवण झाल्यावाचून राहिली नाही.

बदलापुरास आमचे एक स्नेही आहेत. एका बँकेतून निवृत्त झालेले, वृत्तीने अत्यंत सौम्य. रस्त्यात भांडण दिसले तर पलीकडच्या बाजूने जाणारे. त्यांच्यापाशी या बोलपटांच्या तबकड्यांचे एक भले मोठे कपाट आहे. इंग्लंड-अमेरिकेतल्या काही संस्था जुने जपानी बोलपट स्वच्छ करून, त्यांसोबत टीकात्मक लेखांची पुस्तिका घालून, सुरेख पेट्यांतून विकतात. मोजक्या प्रती काढतात, आणि त्या संपल्या की दुप्पट-तिप्पट भावाने हिंडू लागतात. आमच्या स्नेह्यांनी एक वही घातली आहे. तीत प्रत्येक तबकडीचा क्रमांक, बोलपटाचे वर्ष, दिग्दर्शक, आणि मिळाल्याची तारीख. सेइजुन सुझुकी याचा १९६७ चा एक बोलपट मालकास कळेनासा झाला म्हणून पुढच्या वर्षी त्यास नोकरीवरून काढले, त्याने मालकावर फिर्याद केली, आणि १९७१ मध्ये तडजोड झाली. हा सारा इतिहास त्यांस तारीखवार पाठ आहे, आणि त्या बोलपटाच्या तीन निरनिराळ्या प्रती त्यांच्यापाशी आहेत. उल्हासनगरच्या बाजारात नकली मालास तोटा नाही, हे सर्वांस ठाऊक आहे. पण आमचे स्नेही अस्सल प्रतीखेरीज हात लावीत नाहीत. चोरांच्या कथा चोरून घेऊ नयेत, हा त्यांचा नियम आम्हांस आवडतो.

त्यांस आम्ही विचारले, हेच बोलपट का? त्यांनी जे सांगितले त्यात संग्राहकाच्या मनाची बरीचशी किल्ली आहे. ते म्हणाले, "एकाच साच्याचे शेकडो आहेत, म्हणून. थोर कलाकृती एकटी असते, तिचा संग्रह होत नाही. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली की बारीक फरक दिसू लागतात. छत्री कोणत्या हातात, बर्फ केव्हा पडते, नायक मागे वळून पाहतो की नाही." हे उत्तर खरे आहे. नाणी जमविणारा राजाच्या पराक्रमाकडे पाहत नाही, टाकसाळीच्या खुणेकडे पाहतो. त्या नाण्यासाठी किती गावे लुटली गेली, हा प्रश्न त्याच्या शास्त्रात बसत नाही. तसेच येथे रक्त हे तबकडीच्या अनेक गुणांपैकी एक गुण होऊन बसते. रंग बरोबर उतरला आहे की नाही, एवढेच त्याच्याविषयी पाहावयाचे.

२०१९ च्या जुलैअखेरीस उल्हास नदीस पूर आला. महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली आणि हजारावर उतारू नौका व विमाने लावून सोडवावे लागले, तोच पूर. स्नेह्यांचे बिऱ्हाड तळमजल्यावर होते. पाणी अंगणात शिरताच त्यांनी प्रथम काय वर नेले असेल, हे वाचकांनी ओळखलेच असेल. पुढे एकदा आम्ही त्यांच्याकडे गेलो असता वहिनी चहा देता देता म्हणाल्या, "भाऊजी, ज्यांत माणसे मरतात त्या पेट्या ह्यांनी आधी वर नेल्या, ज्यांत माणसांचा स्वयंपाक होतो ती भांडी खालीच राहिली." स्नेही हसले, वहिनीही हसल्या. परंतु शेजारच्या खोलीतल्या एकट्या वृद्धेस वर नेण्याचे भान त्या धांदलीत त्यांस दुसऱ्या खेपेनंतर आले, हे त्यांनीच आम्हांस मागाहून, वहिनी आत गेल्यावर, हळू आवाजात सांगितले. वृद्धा सुखरूप आहेत. आम्ही त्यावर काही बोललो नाही. तशा घटकेला आम्ही आमची पुस्तके उचलली नसती, असे छातीवर हात ठेवून कोण सांगेल?

येथे कोणी म्हणेल, गुंडांचे बोलपट हवेत तर आपल्या मुंबईत काय कमी आहेत? १९७५ चा 'दीवार', १९८९ चा 'परिंदा', १९९८ चा 'सत्या'. आणि पुढल्याच वर्षी महेश मांजरेकरांचा 'वास्तव', ज्यात चाळीतल्या मराठी घरातला मुलगा खुनी होतो आणि अखेर त्याची आईच त्याच्यावर गोळी झाडते. हे बोलपट काही कमी प्रतीचे नाहीत. किंबहुना आपल्याकडे न्यायनिवाडा आईच्या हाती असतो आणि जपानात तो मानलेल्या बापाच्या हाती, यावर एक स्वतंत्र निबंध लिहिता येईल. पण आमच्या स्नेह्यांच्या कपाटात यांतला एकही नाही. का, असे विचारता ते थोडे घुटमळले आणि म्हणाले, "ते फार जवळचे वाटतात."

या जवळीकीचा अर्थ उघड आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला, तो रीतसर असा कधी संपलाच नाही. ज्या घरांची चूल त्यात विझली त्यांतली काही मुले टोळ्यांच्या वाटेस लागली, हे सर्वश्रुत आहे. 'सत्या'तला भिकू म्हात्रे पडद्यावर समुद्राकडे पाहून आरोळी ठोकतो तेव्हा मराठी प्रेक्षकास त्याच्या आडनावाचा कोणी तरी आठवतो. आणि उल्हासनगर? दुसऱ्या महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी. फाळणीनंतर तिच्या ओसाड बराकींत सिंधमधून आलेले सुमारे लाखभर निर्वासित कोंबले गेले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते तेथे शहराची कोनशिला बसली, आणि छावणीचे उल्हासनगर झाले. कुरे आणि उल्हासनगर यांत आम्हांस विलक्षण साम्य दिसते. युद्धाने टाकून दिलेली लष्करी जागा, सर्वस्व गमावलेली माणसे, वस्तूंची टंचाई, आणि कायद्याचा हात पोहोचेपर्यंतचा एक अंधारा काळ. पुढे गेल्या शतकाच्या शेवटी, १९९० च्या आसपास, या शहरातही राजकारण आणि टोळ्या यांची गाठ पडून भर रस्त्यात खून झाले. नावे घेण्याचे कारण नाही. ज्यांच्या घरचे गेले त्यांच्या लक्षात ती आहेत.

परंतु या साम्याने फसूही नये. त्याच बराकींतून पापड, गोळ्या, पिना, कापडाचे तुकडे घेऊन हजारो माणसे पहाटेच्या गाडीने मुंबईस गेली, आणि डब्याडब्यातून विकून रात्री परत आली. त्यांच्यावर कोणी बोलपट काढला नाही. काढला तरी त्याच्या तबकड्यांची सुरेख पेटी निघेल असे वाटत नाही, कारण पापड विकणाऱ्यास मंद पावलांनी बर्फातून चालावयास सवड नसते. टंचाईतून गुंडच निपजतो, असे जे या बोलपटांतून सुचविले जाते, त्यास या माणसांचे उदाहरण हे पुरेसे उत्तर आहे; पण ते चित्तवेधक नसल्यामुळे कोणी ऐकत नाही.

गुन्हाही सर्वच चित्तवेधक नसतो. अंबरनाथला वालधुनीच्या काठी शके ९८२ चे शिलाहारांचे शिवालय आहे. नऊशे साठ वर्षांहून अधिक काळ ते जागच्या जागी उभे आहे, आणि ज्यास ते पाहावयाचे त्यास तेथवर जावे लागते. जाताना नदीचा वास घ्यावा लागतो. २०१४ च्या नोव्हेंबरात याच वालधुनीच्या पात्रात उल्हासनगरच्या हद्दीत रात्री कोणी विषारी रसायन ओतून दिले, आणि झोपेतली शेकडो माणसे गुदमरून जागी झाली. त्यांस रुग्णालयांत न्यावे लागले. आमच्या भागातला हा खरा टोळीपट. यात तलवार नाही, ऋण नाही, गोंदलेली पाठ नाही. मालवाहू टाकीची एक तोटी आणि ती उघडणारा एक हात. शर्विलकाचे भगदाड पाहून चारुदत्तास कौतुक वाटले. या तोटीचे कौतुक करणारा रसिक अद्याप जन्मास यावयाचा आहे.

येथे आमचा मुद्दा स्पष्ट होतो. दूरच्या गुंडाचा संग्रह करणारा मनुष्य गुंड होतो, ही भीती आम्हांस खरी वाटत नाही. क्वचित एखादा समाधीतून परत येत नाही. युकिओ मिशिमा या थोर कादंबरीकाराने त्सुरुताच्या १९६८ च्या एका जुगारी-पटाची तुलना ग्रीक शोकनाट्याशी केली होती, आणि पुढे १९७० च्या नोव्हेंबरात त्याने स्वतःच तलवारीने आपले पोट चिरले. बोलपटामुळे असे घडले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याच्या मनात ती वाट फार पूर्वीपासून होती. सामान्य संग्राहकास हा धोका नाहीच. त्याचा धोका नेमका उलट बाजूचा आहे. तो समाधीत शिरतच नाही. दूरचे भगदाड तो इतक्या बारकाईने पाहू लागतो की ठेव कोणाची गेली हे विचारण्याची त्याची सवय मोडते. आणि जवळचे भगदाड बेढब असल्यामुळे ते त्यास दिसतच नाही. ज्यांची हानी झाली ते आपले शेजारी नव्हेत, ही खात्री असल्यामुळेच जपानी गुंड इतका सुंदर दिसतो. समुद्रापलीकडच्या प्रेताचा वास येत नाही.

मग संग्रह करूच नये की काय? असेही आम्ही म्हणणार नाही. बाबूराव पेंटरांचा 'सैरंध्री' हा १९२० चा मूकपट. त्यातला कीचकवध इतका हुबेहूब वठला की अधिकाऱ्यांनी तो आक्षेपार्ह ठरविला, असे चित्रपटाच्या इतिहासकारांनी नमूद केले आहे. त्यांचाच १९२५ चा 'सावकारी पाश' हा गरीब शेतकऱ्याच्या नागवणुकीचा मूकपट आज कोणासच पाहता येत नाही, कारण त्याची प्रत उरलेली नाही. पुण्याच्या चित्रपट-संग्रहालयाची उभारणी १९६४ पासून ज्यांनी केली, ते पी. के. नायर चांगला-वाईट असा भेद न करता मिळेल ते रीळ जपावे, या मताचे होते. आज टाकाऊ वाटणारे उद्या काय सांगेल ते आज कळत नाही, असे त्यांचे म्हणणे. हे म्हणणे आम्हांस सर्वथा पटते. मात्र संग्रहालयाचे दार लोकांसाठी असते. घरच्या कपाटाची किल्ली एकाच्याच कनवटीस असते. सावकाराचा पाश जपणारा कोणी असता, तर त्याने साऱ्या महाराष्ट्राची एक ठेव सांभाळली असती. आमच्या स्नेह्यांनी जपलेल्या तबकड्यांतही, त्यांस पुरते जाणवो वा न जाणवो, फुकासाकुने नोंदलेल्या मृतांची नावे व तारखा आहेत.

गेल्या वर्षी स्नेह्यांनी आमच्या महाविद्यालयास हे सारे कपाट, वहीसकट, देऊ केले. त्यांचा मुलगा परदेशी असतो व त्यास या नादात रस नाही. ग्रंथालयाच्या समितीत बरीच भवति न भवति झाली. एका सहकाऱ्यांनी विचारले, अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांपुढे बोटे कापणारे लोक ठेवावयाचे काय, आणि तेही या गावात? प्रश्न योग्य होता. 'या गावात' हे शब्द तर फारच योग्य होते. दुसऱ्या एका सहकाऱ्यांनी सुचविले की घ्यावे, पण कुलुपात ठेवावे. आम्ही त्यास विरोध केला. कुलुपात ठेवावयाचे असेल तर बदलापुरातले कुलूप काय वाईट होते? घ्यावे, आणि वर्षातून चार तरी बोलपट मुलांस दाखवून प्रत्येकानंतर त्यांच्याशी तासभर बोलावे, असे आम्ही म्हटले. शेवटी तसे ठरले. बोलण्याचे काम अर्थात आमच्याच गळ्यात पडले. मुलांस आम्ही प्रथम कोणता प्रश्न विचारणार, हे वाचकांस आता सांगावयास नको. विज्ञानशाखेच्या एका तरुण अध्यापिकेने वालधुनीच्या पाण्याचे नमुने त्याच वर्गात दाखविण्याची परवानगी मागितली आहे; ती आम्ही आनंदाने दिली.

आरंभ कोणत्या बोलपटाने करावा, याविषयी मात्र दात्याचे आणि आमचे अद्याप एकमत झालेले नाही. ते म्हणतात, मुलांनी प्रथम ताकाकुराला बर्फातून चालताना पाहावे, नाही तर पुढच्या कोंबडीतली गंमत त्यांस कळणार नाही. आम्ही म्हणतो, कोंबडी आधी. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, हे आम्हांस अलीकडे वाटू लागले आहे. परंतु बर्फ पाहून झाल्यावर तासाची घंटा वाजली आणि मुले तेवढेच घेऊन घरी गेली तर काय, याचे उत्तर त्यांनी अजून दिलेले नाही.